रत्नागिरीच्या बक्षिसाची तपासणी

लोक रत्नागिरीला आंबे खायला जातात, मी संशय घेऊन गेले. एका शालेय लघुपट स्पर्धेची मी परीक्षक. पहिल्या आलेल्या लघुपटात मिरकरवाडा बंदरावरच्या बायका इतक्या मोकळेपणी वावरत होत्या की हे नववीतल्या मुलीने टिपलंय, यावर माझा विश्वासच बसेना. बक्षीस म्हणून तिला पुण्यातलं उन्हाळी शिबिर मिळणार होतं. पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटलं, म्हणून निकालावर सही न करता बॅग भरली.

स्वारगेटहून रातराणी मिळते. आंबा घाट बघायचा असेल तर मात्र दिवसाची गाडी घ्या, रात्री वळणं फक्त पोटाला कळतात. रिक्षाचं भाडं बसण्याआधीच ठरवा. मी ठरवलं, तरी रिक्षावाला लांबून नेतोय असं वाटतच राहिलं. तो अगदी सरळ नेत होता.

शाळेच्या माध्यम विभागाने वर्षभराच्या यशाची एक भिंतच सजवली होती. मुलांनी रेडिओवर वाचलेल्या बातम्या, फोटोंची प्रशस्तिपत्रकं, भित्तिपत्रकाला मिळालेली ढाल. विभागाचे सर हौसेने एकेक दाखवत होते आणि मी प्रत्येक गोष्टीत त्यांचा हात शोधत होते. लघुपटवाली श्रावणी सगळ्यांच्या मागे उभी होती. तिला माझा फोन दिला आणि म्हटलं, चल, बंदरावर काहीतरी टिपून दाखव.

"मला तपासताय?" तिने विचारलं.

"छे गं, सहज," मी खोटं बोलले.

बंदरावर तिने फोन खिशात टाकला आणि तिथेच बायकांत काम करणाऱ्या आईसमोर बसून कोळंबी सोलायला लागली. वेळ काढतेय, मी मनात म्हटलं. मला बघून बायका गप्प झाल्या होत्या, पण हळूहळू कुणाच्या तरी सुनेचा विषय निघाला आणि त्यात सगळ्या रंगल्या. मग श्रावणीच्या गुडघ्यावर फोन कधी आला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. लघुपटातले तेच मोकळे चेहरे माझ्यासमोर होते. मला मनापासून लाज वाटली. मी तिच्या आईला सांगितलं, लघुपट हिचाच आहे, पोर गुणी आहे.

आईचे हात थांबले नाहीत. "तुमी पुण्यावरनं चवकशीला आलाव. कायतरी आसल्याबिगर कोण येवढ्या लांब येतंय?" मग लेकीकडे वळून म्हणाली, "खरं सांग, सरांनीच करून दिला ना?"

श्रावणीने फोन माझ्या हातात परत दिला. मी चारचौघींत पुन्हा पुन्हा सांगितलं. आई नुसतं "बरं" म्हणाली. दुपारी सरांनी बंदराजवळच्या खानावळीत बांगडा खाऊ घातला. तिथे जरूर जा, मासा ताजा असतो. मी मात्र अर्ध्या ताटावरून उठले.

घरी येताच सही केली. आठवड्याभराने सरांचा फोन आला. आई शिबिराला पाठवायला तयार नाही, आधी खात्री होऊ दे म्हणते.

त्या रात्री मी श्रावणीने माझ्या फोनवर केलेलं चित्रण पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. बायका हसतायत, आई कोळंबी सोलतेय. मागे मी उभी आहे, डोळे बारीक करून पोरीवर नजर रोखलेली. आई सहज मान वळवते, माझ्याकडे बघते. मग सावकाश कॅमेऱ्याकडे, म्हणजे लेकीकडे बघते, आणि तेव्हा तिचेही डोळे तसेच बारीक झालेले असतात.