केसलरबाईंचा खरेपणा

केसलरबाई कधी आवाज चढवायच्या नाहीत. नुसता तळहात वर करायच्या, आणि बोलणारा वाक्याच्या मधोमध गप्प व्हायचा. मग जर्मन "तर मग"ने सुरू होणारा प्रश्न यायचा, "आल्झो, हे काम उद्या बंद पडलं तर कोणाचं काय अडेल?" पुण्याहून जर्मनीत ड्रेस्डेनला पीएचडीला आले तेव्हा पहिल्याच बैठकीत त्यांनी मला तो विचारला. मी ज्ञानाच्या प्रगतीबद्दल काहीतरी बोलले. "म्हणजे कोणाचंच नाही," असं म्हणून बाई पुढच्या विद्यार्थ्याकडे वळल्या.

आमच्या संस्थेत चिप्ससाठी लागणारे स्फटिक वाढवण्यावर संशोधन चालायचं आणि बाई आमच्या गटाच्या प्रमुख होत्या. आखूड पांढरे केस, पावसातही सायकल, दुपारी नवऱ्याने बांधून दिलेला काळा पाव. तो खातानाही त्या कोणाचा तरी मसुदा वाचत असायच्या. कौतुक असं नाहीच. एखादं काम फारच चांगलं झालं, तर म्हणायच्या, "यात मला अजून चूक सापडली नाही."

दुसऱ्या वर्षी त्यांनी मला खोलीत बोलावलं. "फ्राउ सबनीस, तुमची पद्धत चालणार नाही. फार सावकाश आहे. हा विषय आपण बंद करतोय."

"पण माझे निकाल अजून यायचेत."

"येतील. त्यांचा उपयोग नसेल."

मला रडू आलं. बाई उठल्या, दार लावलं, परत खुर्चीत बसल्या आणि पुढ्यातलं वाचू लागल्या. माझं रडणं ओसरल्यावर मान वर न करता म्हणाल्या, "हे पन्नाशीत ऐकण्यापेक्षा आत्ता ऐकलेलं बरं." मी आईला फोनवर सगळं सांगितलं. आई म्हणाली, "ती बाई आहे की कसाई?"

बाईंनीच दिलेल्या दुसऱ्या विषयावर माझी पीएचडी झाली. त्या निवृत्त झाल्या, मला तिथेच नोकरी लागली आणि एका रविवारी त्यांनी मला कॉफीला घरी बोलावलं. दार उघडलं त्यांच्या नवऱ्याने, मानफ्रेड यांनी. उंच, वाकलेले, अतिशय अदबशीर. प्लमचा केक त्यांनीच केला होता. मी कुठे काम करते ते ऐकल्यावर म्हणाले, "मीही तिथेच होतो. हिच्या शेजारच्या इमारतीत."

मग बोलण्याबोलण्यात मला सगळी हकीकत कळली. बर्लिनची भिंत पडून दोन्ही जर्मनी एक झाल्या, तेव्हा पूर्वेकडच्या सरकारी संशोधन संस्था तपासायला पश्चिमेकडून प्राध्यापकांच्या समित्या आल्या. काय ठेवायचं, काय गुंडाळायचं, ते त्या ठरवणार होत्या. एकेका विभागाला जेमतेम अर्धा तास मिळायचा. स्थानिक माणूस म्हणून त्यांनी बाईंना समितीत घेतलं, कारण त्यांची तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाशी जवळीक नव्हती आणि इंग्रजी चांगलं होतं. मानफ्रेड यांच्या विभागाने परदेशी यंत्रं मिळत नसल्यामुळे जुन्या सुट्या भागांतून स्फटिक वाढवायची स्वतःची भट्टी उभी केली होती. समितीने बाईंना विचारलं, हे काम जगाच्या तुलनेत कुठे आहे? बाई म्हणाल्या, "भट्टी उत्तम आहे. काम दहा वर्षं मागे आहे."

विभाग बंद झाला. मानफ्रेड यांना कामगार कार्यालयाने हिशेब लिहायच्या वर्गाला पाठवलं. नंतर त्यांनी विमा विकला, शाळेच्या बसवर ड्रायव्हरकी केली. प्रयोगशाळेत पुन्हा कधी पाऊल ठेवलं नाही.

"ते खरं होतं," केकचा तुकडा मोडत बाई म्हणाल्या.

"गेनाऊ, अगदी खरं," मानफ्रेड हसून म्हणाले. "खोटं असतं तर मी माफ केलं असतं. फ्राउ सबनीस, अजून क्रीम घ्या."

त्यानंतर काही वर्षांनी दुसऱ्या देशातल्या एका गटाचा शोधनिबंध माझ्या वाचनात आला. माझीच ती सावकाश पद्धत, आणि ती त्यांनी यशस्वी करून दाखवली होती. मी तो छापून बाईंकडे नेला. खोटं कशाला बोलू, त्यांचा चेहरा बघायलाच नेला. बाईंनी तो शांतपणे शेवटपर्यंत वाचला. "चांगलं केलंय. मी चुकले."

"मग मानफ्रेड यांच्या बाबतीतही चुकला असाल?" मी विचारलं. ते स्वयंपाकघरात भांडी घासत होते. नळाचा आवाज थांबला.

बाईंनी चष्मा काढला. "तुमचं काम दुसऱ्या कोणीतरी केलं, म्हणून कळलं. त्याचं कोणीच केलं नाही. बंद केलेलं काम चांगलं होतं की नाही, ते कसं कळणार?"

स्वयंपाकघरात नळ पुन्हा सुरू झाला.

गेल्या शरदात बाईंचा कर्करोग हाताबाहेर गेला. मी हॉस्पिसमध्ये भेटायला गेले, तेव्हा मानफ्रेड उशाशी बसून सफरचंद किसत होते, कारण बाईंना चावता येत नव्हतं. त्या माझ्याशी दोन शब्द बोलल्या आणि अचानक नवऱ्याकडे वळल्या.

"तुला समितीत घेतलं असतं आणि माझ्या विभागाबद्दल विचारलं असतं तर?"

मानफ्रेड यांचा हात थांबला. "मी खोटं बोललो असतो. तुला वाचवलं असतं."

"म्हणून तर त्यांनी तुला घेतलं नाही," बाई म्हणाल्या.

मानफ्रेड यांनी चमचाभर कीस त्यांच्या तोंडात घातला, टॉवेलाने हनुवटी पुसली. दुसरा चमचा भरला. बाईंनी तोही खाल्ला. पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या.

अंत्यविधीला संस्थेचे जुने संचालक बोलले. बाईंच्या निःपक्षपातीपणामुळे पूर्वेचं विज्ञान तगलं, असं म्हणाले. मानफ्रेड पहिल्या रांगेत मान ताठ ठेवून ऐकत होते. नंतरच्या कॉफीच्या वेळी मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. तेच म्हणाले, "मी तिला 'का' असं विचारावं, याची ती आयुष्यभर वाट बघत होती. तिचं उत्तर तयार असायचं. केक कापताना, फिरायला जाताना, अगदी परवापर्यंत मला ते तिच्या तोंडावर दिसायचं."

"मग विचारलं का नाही?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "तिला त्रास द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं."