लाल गुड्डी, हिरव्या कोंबड्या

हे मी सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे. आईने दोनदा बजावलंय, "अंगणवाडीतलं अंगणवाडीत राहू दे, वैशू." आई आमच्या पाड्यावरची अंगणवाडी सेविका आहे. मोखाड्याहून सूर्यमाळकडे जाताना मध्येच एका वळणावर उतरलं की आमचा पाडा. आईकडे अकरा रजिस्टरं आहेत. कोणाला कोणती लस, कोणी काय खाल्लं, कोणाचं वजन किती, सगळ्याला रकाना आहे. जे खरंच घडतं त्याला मात्र रकाना नाही, म्हणून ते माझ्या डोक्यात साठत गेलं.

मी नववीत आहे. शाळेत उत्तर येत असलं तरी माझा हात वर होत नाही. पण गप्प मुलीचा एक फायदा असतो. मोठी माणसं तिच्यासमोर कपाटासमोर बोलावं तशी बिनधास्त बोलतात.

नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या आतली बाळं अंगणवाडीत बसत नाहीत. त्यांनी फक्त वजनाला यायचं आणि खाऊचं पाकीट घेऊन जायचं. आमच्याकडेही ती बसत नाहीत. रांगतात. आया शेतावर जाताना त्यांना आईच्या आणि मदतनीस जनी मावशीच्या पुढ्यात ठेवून जातात. शाळा सुटली की मीही तिथेच असते.

*

हजेरी मोबाईलवर भरायची असते, फोटोसकट. आमच्या खोलीत रेंज नाही. रेंज आहे वरच्या कातळावर, गुरं बसतात तिथे. एका शनिवारी आईने अंगणवाडीच रेंजमध्ये न्यायची ठरवली.

जनी मावशीच्या कडेवर दोन, आईच्या एक, माझ्या एक आणि चालती पोरं एकमेकांचे सदरे धरून मागे. वर पोचेपर्यंत एक झोपलं होतं, एक परत घरी गेलं होतं आणि एकाने वाटेत चप्पल सोडून दिली होती. फोटो काढला, पाठवला. पर्यवेक्षिका मॅडमचा मेसेज लगेच आला, "मुले वर्गात का नाहीत?"

आईने टाइप केलं, "वर्गात असती तर तुम्हाला दिसली नसती." मग थोडा विचार करून ते पुसलं आणि लिहिलं, "निसर्गभ्रमण."

मॅडमने अंगठा पाठवला.

*

महिन्यातून एकदा वजनाचा दिवस. तुळईला काटा टांगायचा, काट्याला चड्डीसारखी झोळी, झोळीत बाळ. आकडा तक्त्यावर मांडला की रंग कळतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे काळजी आणि लाल म्हणजे मॅडम येणार.

गुड्डी लाल आहे. चौदा महिन्यांची पोर, सहा किलो दोनशे ग्रॅम. तिचा दंड माझ्या दोन बोटांत मावतो. त्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि मॅडम म्हणाल्या, "स्वेटर असू दे अंगात, थंडी लागेल."

गुड्डीची आई सुनंदा वहिनी उलट एकेक वस्तू काढत होती. स्वेटर काढला, करदोटा काढला, मनगटातले काळे मणी काढले. कारण तिला कोणीतरी सांगितलं होतं, लाल पोराला जादा अंडं मिळतं आणि पिवळं झालं की ते बंद. म्हणजे मॅडमना वजन जास्त हवं होतं, वहिनीला कमी हवं होतं आणि गुड्डीला काट्याचा हूक तोंडात घालायचा होता.

"महिनाअखेरपर्यंत ही पिवळ्यात दिसली पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

जनी मावशी नाचणी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रंग तुम्ही देणार, का आम्हीच आणायचा?"

*

लहान बाळांसाठी जे पाकीट मिळतं, त्याची पाण्यात शिजवून गोड लापशी होते. तसं पाकिटावर लिहिलंय. शेजारी हसऱ्या बाळाचा फोटो आहे. त्या बाळाने ती कधी चाखलेली नसावी.

आई घरोघरी विचारत फिरली, पोर खातं का म्हणून. सगळीकडे खातं, अगदी बोट चाटून खातं. गुड्डीच्या आजीने तर हात जोडून सांगितलं, "सगळा खाते बाई, काय पण ठेवत नाय." एवढं बोलून तिने पुरावा म्हणून अर्धं पाकीट बाहेर काढलं. कागद वाजला मात्र, पाच कोंबड्या धावत उंबऱ्यात हजर. कशा गुबगुबीत, तुकतुकीत.

जनी मावशी म्हणाली, "बाई, यांनाच टांगा काट्याला. एकदम हिरव्यात येतील."

तेव्हापासून गुड्डीला जनी मावशी स्वतः भरवते. उकडलेलं अंडं नाचणीच्या भाकरीत कुस्करून. एक घास, मग पाच मिनिटं छपराकडे बघणं, मग दुसरा घास. एका अंड्याला पाऊण तास. तीन आठवड्यांनी काटा सहा चारशेवर थांबला. दोनशे ग्रॅम म्हणजे एक बऱ्यापैकी कांदा. पण आईने तो आकडा इतक्या हळू लिहिला की मला वाटलं, शाई संपली.

*

मध्ये तीन दिवस आई जव्हारला ट्रेनिंगला गेली होती. विषय होता, लहान बाळांशी कसं बोलावं. प्रत्येक सेविकेला एक प्लॅस्टिकची बाहुली दिली होती. तिच्या डोळ्यांत बघायचं, तिला गाणं म्हणायचं, तिच्या हुंकाराला उत्तर द्यायचं. ते तीन दिवस अंगणवाडीला कुलूप होतं, कारण जनी मावशीलाही बोलावलं होतं. खरी बाळं बांधावर झोळीत पडून होती.

दोघी परत आल्यावर मी विचारलं, काय शिकलात?

"आमचं जाऊ दे," आई म्हणाली, "पण बाहुल्या खूप हुशार झाल्या."

*

ट्रेनिंगमधून एक खेळण्यांची पेटीही आली. परिसरातले प्राणी. मॅडमने स्वतः एकेक प्राणी दाखवला. हत्तीला कोणी विचारलं नाही. जिराफाकडे बघून एकजण रडला. मग निघाला लाल प्लॅस्टिकचा खेकडा.

"बाळांनो, हे काय आहे?"

दोन वर्षांचा पांड्या पुढे आला. त्याने खेकडा उलटा केला, जाणकारासारखी त्याची नांगी मोडली आणि चोखायला बसला. चव काही लागली नाही, म्हणून दुसरीही मोडली.

मॅडमने अहवालात लिहिलं, "मुलांना परिसराची चांगली ओळख आहे." हे एकच वाक्य मी त्यांच्या अहवालात शंभर टक्के खरं पाहिलंय.

*

दिवाळी झाली की वीटभट्टीचा टेम्पो येतो. सुनंदा वहिनी आणि तिचा नवरा दोघंही भट्टीवर जातात, म्हणजे गुड्डीही जाणार. तिथे पाऊण तास घास भरवत कोण बसणार? आई वहिनीला म्हणाली, "एक महिना थांब. लालमधून बाहेर पडू दे पोरीला, मग खुशाल जा."

"मला थांबायला काय झालंय, बाई," वहिनी म्हणाली. "मुकादम थांबू देल का?"

आईने मॅडमना फोन लावला. काहीतरी करा, पोर नुकती कुठे खायला लागलीय, सगळं सांगितलं. मॅडमने पलीकडे यादीची पानं उलटली. मग त्यांचा आवाज एकदम खुलला. "अहो, पण ती गेली तर स्थलांतरित होईल ना? मग आपल्या यादीतला एक लाल आपोआप कमी!"

पुढच्या वेळी मॅडम आल्या तेव्हा आईने त्यांना चहा विचारला नाही. आमच्या घरात याहून मोठं भांडण नसतं.

*

टेम्पो परवा दुपारी आला. मागे गोधड्या, भांडी, दोन शेळ्या आणि पाड्यावरची सहा जोडपी. सुनंदा वहिनीचं गाठोडं वर चढलं होतं, नवराही चढला होता. ती गुड्डीला घ्यायला अंगणवाडीत आली.

गुड्डी जनी मावशीच्या मांडीवर बसून खात होती.

आई म्हणाली, "झोपलीय."

वहिनीने गुड्डीकडे बघितलं. गुड्डीने घास गिळला.

"झोपलेल्या बाळाला उठवून नेता येत नाही," आई त्याच आवाजात म्हणाली. "नियम आहे."

मी अकराही रजिस्टरं भरलेली आहेत, परिपत्रकं फायलीला लावलेली आहेत. असा नियम नाही. पण मी कपाट आहे, मी गप्प राहिले. वहिनी पायरीवर जाऊन बसली. "उठली का नेते," म्हणाली.

टेम्पोचा हॉर्न वाजला. परत वाजला. मग मुकादम स्वतः आला. त्याचा आवाज असा की समोरच्या डोंगरावरून परत येतो. "काय वहिनी, किती टाइम? सगळी गाडी खोळंबली!"

आईने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. बाळ झोपलंय."

मुकादम दारातून आत वाकला. गुड्डीने त्याच्याकडे बघितलं. तिच्या गालाला, नाकाला, भुवईला अंड्याचा पिवळा बलक लागला होता. ती हसली. तिला दोनच दात आहेत, दोन्ही दिसले. जनी मावशी तिच्या पाठीवर थोपटायला लागली. वहिनी पायरीवर जमिनीकडे बघत होती.

मुकादम बराच वेळ बघत राहिला. मग अगदी बारीक आवाजात त्याने विचारलं, "किती वेळ झोपते ही?"

"महिनाभर तरी," आई म्हणाली.

त्याने मान हलवली. "गाढ झोप हाय," तो कुजबुजला. चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत टेम्पोपर्यंत गेला. वहिनीच्या नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलला. नवऱ्याने गाठोडं खाली दिलं, स्वतः मात्र वरच बसून राहिला. मग टेम्पो निघाला, तोही इंजिन चालू न करता. उतारावर तसाच, आवाज न करता घरंगळत वळणापर्यंत गेला.

मी आईला विचारलं, "त्याला दिसलं नाही का गं?" आई म्हणाली, "रजिस्टर दे." जनी मावशी अजून थोपटतच होती, वहिनी पदराने गुड्डीची भुवई पुसत होती, आणि गुड्डी, जिला अख्ख्या पाड्याने झोपलेली ठरवलं होतं, ती तर

"वैशू, लिहीत काय बसलीस? ये, हिला धर जरा."

आले गं. तर ती गुड्डी