कच्चा घड आणि माझी केळीची खोली

भरल्या घरातले किस्से जेवताना बोलून संपतात. माझ्याकडे ऐकायला कोणी नाही, म्हणून ते साचत गेले.

नशिराबादला घरामागे माझी केळी पिकवायची खोली आहे. जाड भिंती, घट्ट दार. बायको गेली, मुलगा सुरतला राहिला, मी धंदा बंद केला. मग एक दिवस जळगावच्या कॉलेजातली दोघं आली. तुषारकडे गिटार, धुळ्याच्या जागृतीकडे ड्रम.

जागृती म्हणाली, "नाना, सरावाला खोली द्या ना. आवाज बठ्ठा आतच राही!"

मी विचारलं, "मग मला कसा ऐकू येईल?"

 दुसऱ्या दिवशी आत माझ्यासाठी खुर्ची होती.

*

त्यांचं गाणं म्हणजे रॉक, त्यात आमच्या कानबाई देवीची गाणी, मध्येच कव्वालीचा ठेका.

पहिलं गाणं संपल्यावर तुषारनं विचारलं, "कसं वाटलं, नाना?"

मला गाण्यातलं काय कळतं? मी केळीवाला. म्हटलं, "कच्चा घड आहे. राहू द्या अजून."

मला वाटलं, पोरं रागावली. आठ दिवसांनी ड्रमवर मोठ्या अक्षरांत बँडचं नाव आलं : कच्चा घड!

*

पहिला कार्यक्रम धुळ्याला. मीही एसटीनं गेलो. स्टेजवर पाच माइक लावलेले.

माइकवाला म्हणाला, "बाकीचे कुठे आहेत?"

जागृती म्हणाली, "आम्ही दोघंच आहोत, भाऊ."

"मग अर्ध्या वेळात आवरा!"

*

केळी पिकत असताना खोलीचं दार उघडं राहिलं तर माल बिघडतो. वीस वर्षं मी त्यावरून ओरडलोय. गाणं रेकॉर्ड होत असताना शेजारीण भरीत घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. माझ्या तोंडून गेलंच, "दार लावा रे!"

मी ओशाळलो. म्हटलं, "एवढं काढून टाका."

त्यांनी ते ठेवलं. गाणं सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं. पुण्यात भरलेला हॉल एका आवाजात ओरडतो म्हणे, "दार लावा रे!"

चार महिन्यांनी सुरतहून मुलाचा फोन आला. "आबा, मोबाइलवर तुमचा आवाज ऐकला!"

मी म्हटलं, "फोन केला असतास तर आधीच ऐकला असतास."

*

मग मोठमोठे कार्यक्रम मिळायला लागले आणि दोघं पुण्याला राहायला गेली. जागृती म्हणाली, "नाना, दर रविवारी येऊ." तीन रविवार आली. नंतर फोन यायचे. आता मेसेज येतात. मी एकेक अक्षर लावून वाचतो. लवकर संपत नाही, तेवढंच बरं.

*

परवा पहूरचा एक जुना व्यापारी आला. "नाना, खोली द्या. माल ठेवायला जागा नाही."

मी म्हटलं, "खोली रिकामी नाही."

त्यानं दार उघडून पाहिलं. आत नुसती खुर्ची.

"नाना, आत तर कोणी नाही!"

"चहाला गेलेत. येतील."

"अहो, ती पोरं पुण्यात आहेत. माझ्या मुलीनं परवाच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलंय."

मी दार लावलं आणि ओट्यावर जाऊन बसलो. तो माझ्याकडे बघत राहिला. मग चपला काढून माझ्या शेजारी बसला.

"बरं," तो म्हणाला, "मीही थांबतो."