मोरपंखी ब्लाउजपीस आणि पोह्याचे पापड

माझ्या मोठ्या नणंदेचं रोह्यात दुकान आहे, आणि गेल्या वर्षी त्यांना एकाएकी पर्यावरणाचा पुळका आला. आम्ही दोघी जावा पेणला पोह्याचे पापड करतो. त्यांच्या दुकानात एक फळी मिळाली असती तर आमचा धंदा मार्गी लागला असता. पण वन्सं म्हणाल्या, "प्लास्टिक दिसलं तर माल परत पाठवीन हां. कापडी पिशवी पायजे."

कापड निवडायचं म्हणजे काय ताप! कुणी म्हणे सेंद्रिय कापूस, कुणी म्हणे ताग. एका बाईंनी तर केळीच्या धाग्याचं कापड दाखवलं. भाव ऐकून धाकटी जाऊ म्हणाली, "त्यापेक्षा पिशवी विकू नि पापड फुकट देऊ."

मी वैतागून कपाट उघडलं, तर ओटीत आलेले ब्लाउजपीस भसाभस अंगावर आले. बारशातले, हळदीकुंकवातले, कुठले कुठले. शिवायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पुढच्या बाईच्या ओटीत घालायचे. याहून टिकाऊ कापड जगात कुठलं? कापायला जीव होईना, म्हणून आख्खा पीस दुमडून एकेक पिशवी शिवली. कापडात पापड सादळतात, म्हणून आत प्लास्टिकची पिशवी घातली. ती दिसत नव्हती, आणि वन्संची अट दिसण्यापुरतीच होती.

रोह्याला माल घेऊन गेलो. वन्संनी गिऱ्हाइकांसमोर खोकं उघडलं, पहिलीच पिशवी उचलली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा मोरपंखी पीस मी तुझ्या पोरीच्या बारशाला दिलेला."

"व्हय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार, कपाळ!

"मी एवढ्या हौसेनं निवडला, नि तू त्यात पापड भरलेस? नाय गो, हा माल माझ्याकडे नको."

फळी तर गेलीच, वर नणंदेचा रुसवा. तेवढ्यात जाऊ पुढे झाली. "वन्सं, काठाशी बघा जरा. हळदीचा डाग हाय ना? तो माझ्याच हातचा. तुमच्या वास्तुशांतीला हा पीस आम्हीच तुम्हाला दिलेला."

वन्संनी पिशवी उजेडात धरली. डाग होता. म्हणे हौसेनं निवडला! गिऱ्हाईक बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, कारण असलं कपाट त्यांच्याही घरी असणारच. वन्सं आधी लालबुंद झाल्या, मग त्याही फिसकन हसल्या. "बरं बरं, लावा त्या वरच्या फळीवर," म्हणाल्या. ती पिशवी मात्र त्यांनी गल्ल्यामागे ठेवून घेतली.

पापड चांगले खपले. नवरात्रात वन्संनी मला घरी बोलावून ओटी भरली. पेणला येऊन बघते तर नारळाखाली तोच मोरपंखी पीस, उसवून, इस्त्री करून, घडी घातलेला. शिवणीची भोकं तेवढी राहिलेली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग मी तो नीट कपाटात ठेवला. चैत्रात हळदीकुंकवाला वन्सं आमच्याकडे येणारच आहेत.