आक्का जोर लावत नाही

गल्लीच्या तोंडाशी आक्काचं इस्त्रीचं दुकान आहे. ती तिथे दिवसभर उभी असते म्हणून अर्धी गल्ली ताठ कॉलरने फिरते. गेल्या वर्षी मात्र संध्याकाळ झाली की तिला खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटू लागलं. तिने नवऱ्याला सांगितलं ‘कंबर धरते’, नवऱ्याने डॉक्टरांना सांगितलं ‘गॅस होतो’, आणि डॉक्टरांनी इमानदारीत गॅसची गोळी दिली.

गुण येईना, तेव्हा नवऱ्याने फर्मान काढलं, “दुकान आपल्या धाकट्या पोराला दे, तो तिथे मोबाइल दुरुस्त करेल. तू घरी आराम कर.” घरचा आराम म्हणजे सहा माणसांचा स्वयंपाक. आक्काने रात्रभर विचार केला आणि सकाळी मुकाट्याने जावेबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेली. नवरा मागोमाग आलाच.

तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अंग खाली येत असणार, पण आडवं पडलं की सगळं वर जातं. सोनोग्राफीत जोर लावताना बघू, म्हणजे नक्की काय सरकतं ते कळेल.” मशीन खालून टेकवून त्या म्हणाल्या, “मावशी, कुंथा.”

आक्का लालबुंद झाली. पडद्यावर गर्भाशय, मूत्राशय, सगळी मंडळी साहेब आल्यासारखी जागच्या जागी.

“अहो, तुम्ही वर ओढताय.”

“परक्यांसमोर आवरूनच बसायची सवय,” आक्का पुटपुटली.

“आक्का, इथे तरी पसारा दिसू दे,” जाऊ म्हणाली.

तरी काही हलेना. तेवढ्यात दाराबाहेरून नवरा म्हणाला, “काही निघालं नाही ना? मी म्हणतच होतो, सगळे मनाचे खेळ. धाकटा आजच सामान आणून टाकतोय.”

“हात तर लावू दे माझ्या टेबलाला,” आक्का आडव्यानेच गरजली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

पडद्यावर मूत्राशय सर्रकन खाली आलं.

“सापडलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मावशी, अजून एक चित्र हवंय. बोला त्यांना.”

आक्काकडे तीस वर्षांचा साठा होता. चित्रं सुरेख आली.

मग त्यांनी आतून आधाराची रिंग बसवली, व्यायाम शिकवले. “दुकान चालवा, पण जड उचलायचं नाही.”

आता कपड्यांचे गठ्ठे नवरा उचलतो. दुकान बंद करायचा विचार आपल्या मनात कधी आलाच नव्हता, असं तो गिऱ्हाइकांना, त्यांनी न विचारताच, सांगतो.