आधी बाईंचा दंड

यंदा मलेरियाच्या मच्छरदाण्या वाटताना आशाताईंच्या पिशवीतून एक रंगीत पट्टीही निघाली. ती पोराच्या दंडाभोवती गुंडाळायची. लाल रंग आला, तर पोर कुपोषित. माझ्या शेजारच्या सुमनने मच्छरदाणी घेतली, पण लेकाला पदराआड ओढलं.

"मोजू नका, ताई. मोजलं की दृष्ट लागते."

आशाताईंनी वाद घातला नाही. मी, पाड्यावरच्या शाळेची बाई, तिथेच उभी होते. त्यांनी माझा हात धरला, खांद्यापासून कोपरापर्यंत बोट फिरवून मध्य शोधला आणि पट्टी गुंडाळली. "आधी बाईंचा. लागलीच दृष्ट, तर त्यांना लागू दे."

सुमन हसली, पदर सैल झाला. लेकाचा दंड लालात आला. उद्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तरी तिने त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्याच.

"बाई, तुम्हीपण घरी दृष्ट काढून घ्या हं."

मी मान डोलावली. मोजायला का होईना, किती दिवसांनी कुणी माझा हात धरला होता! घरी येऊन मी मूठभर मीठ घेतलं. मूठ कपाळापर्यंत नेली आणि तशीच थांबले. स्वतःची दृष्ट स्वतःला काढता येत नाही.