आमच्या साडूंची शंका

आमच्या साडूंइतका संशयी माणूस उदगीरपासून नांदेडपर्यंत दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर साडूंनी त्याच्यावरही संशय घेतला असता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. उदगीरला त्यांचं धान्याचं दुकान. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना ह्या माणसाने टाचा उंचावून अंतरपाटापलीकडे डोकावून पाहिलं होतं. भटजींचा सूर अडला, सासऱ्यांचा चेहरा पडला. साडू शांतपणे म्हणाले, "दाखिवली तीच हुबी हाय का, बगून घेतलं. मागून कटकट नको." आक्का ही गोष्ट अजूनही तोंडाला पदर लावून सांगते. दवाखान्यात कंपाउंडरने गोळी दिली की अर्धी ते त्यालाच खायला लावायचे. आमच्या घरी जेवायला बसले तरी आधी मी घास घ्यायचा, मग त्यांचा हात ताटाकडे जाणार. मला राग यायचा, पण करता काय, साडू पडले!

लातूरच्या भूकंपानंतर तर विचारूच नका. तोवर ते फक्त माणसांवर संशय घ्यायचे, आता भिंतींवरही घेऊ लागले. कुणाकडे गेले की बोटातल्या अंगठीने भिंत ठोकायची, कान लावायचा आणि मग दाराजवळची जागा धरून बसायचं. नायगावला त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर हे सगळा वेळ छताकडेच बघत राहिले. "पोरगी चांगली हाय," बाहेर आल्यावर म्हणाले, "पर स्लॅबात सळई कमी टाकलीय."

पुढे लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं. गल्लोगल्ली क्लास, आणि क्लासवर पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंचे हे भले मोठे फलक. लेकीसाठी क्लास बघायला साडू आले, सोबत मी. एका क्लाससमोर ते थबकले.

"साडू, ह्या पोराला आत्ताच मागच्या गल्लीत दुसऱ्याच्या बोर्डावर बगितलंय. ह्ये दोन्हीकडं कवा शिकलं?"

"चला की भाऊ, ऊन लागायलंय," मी म्हटलं. पण ऐकतील तर ते साडू कसले. फोटो नीट बघायला ते अगदी फलकाखाली जाऊन उभे राहिले. क्लासवाल्याने तो अवाढव्य फलक बोल्ट न मारता नुसत्या तारेने बांधला होता. तार तुटली आणि फलक थेट साडूंच्या डोक्यात आला.

मेंदूचं ऑपरेशन झालं. साडू वाचले, चालू लागले, जेवू लागले, हसूही लागले. आम्ही नवस फेडले. मग हळूहळू लक्षात आलं की ह्यांना आता संशयच येत नाही. कुणीही दुकानात यावं, आपल्या हाताने पोतं भरून न्यावं, आणि हे वर पाणी विचारणार. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा पुढचा भाग दुखावलाय, भल्याबुऱ्याची पारख गेली. दुकान बंद पडलं. ह्या माणसाला आता जन्मभर सांभाळायला कुणीतरी लागणार होतं, म्हणून आक्काने क्लासवाल्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला.

कोर्टात क्लासवाल्याच्या वकिलाने साडूंना गोड आवाजात विचारलं, "फलकाची तार तुम्हीच ओढलीत ना?"

साडू हात जोडून म्हणाले, "तुमी शिकलेले मानसं. म्हणताव तर वढली असंल."

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. दावा बुडत चालला होता. तेव्हा त्यांनी मला साक्षीला उभं केलं आणि म्हणाले, "हे आधी कसे होते, तेवढं सांगा." मी अंतरपाटापासून सुरुवात केली. सगळं कोर्ट हसलं, न्यायाधीशांनीही तोंडाला रुमाल लावला. सगळ्यात जोरात हसले ते साडू. दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसे हसले.

समोरचा वकील उठला. "म्हणजे एक शंकेखोर माणूस आता गोड झाला. यात नुकसान काय झालं?"

उत्तर आक्काने तिच्या साक्षीत दिलं. "साहेब, परवा कुनी अनोळखी मानूस ह्येंना 'चला' म्हणला. हे त्येच्या मागं टेशनापातूर गेले. गाडीत बसले बी असते. मी हाय तवर धुंडून आणीन. मी गेल्यावर ह्येंना कोन धुंडंल?"

निकाल आमच्या बाजूने लागला. साडूंना सांभाळायची सोय झाली. त्या दिवशी त्यांनी समोरच्या वकिलाचा हात धरून त्याचे मनापासून आभार मानले. वकिलाला कुठे बघावं ते कळेना.

मागच्या महिन्यात उदगीरला गेलो होतो. आक्का आत स्वयंपाकात होती, आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. साडू अचानक म्हणाले, "साडू, कवाकवा वाटतंय, माझं कायतरी गेलंय. मी पयल्यासारका हुईन का?"

आता सुधारणा होणार नाही, हे डॉक्टरांनी मला आणि आक्काला स्पष्ट सांगितलं होतं.

"होताल की भाऊ," मी म्हटलं. "जरा दम धरा." आणि मनात देवाला विनवत होतो की ह्यांनी एकदा, फक्त एकदा, डोळे बारीक करून माझ्याकडे बघावं आणि म्हणावं, साडू, खोटं बोलायलाव.

"बरं," साडू म्हणाले, आणि समाधानाने हसले.